कच्चं लायसन: डावं, उजवं आणि आधी कोण

आजचा विषय लर्निंग लायसनच्या परीक्षेचा, म्हणजे आपण ज्याला कच्चं लायसन म्हणतो त्याचा. बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं होतं की मी सांगलीची, लग्नानंतर इकडे आले, आता एक्केचाळीस वर्षांची आहे, मुलीला शाळेत सोडायला स्कूटर शिकायची आहे. पण परीक्षा मराठीत मिळेना, नियमांचं पुस्तकही मराठीत हाताशी नाही. इंदूर, हैदराबाद, हुबळी इथूनही असेच प्रश्न येतात. गाडी चालवण्याची भीती त्यांना फारशी नाही. भीती आहे ती त्या पडद्यावरच्या पंधरा प्रश्नांची.

आधी एक दिलासा. मोटार वाहन कायदा 1988 चा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. दोन्ही अख्ख्या देशाला एकच. त्यामुळे कच्चं लायसन बडोद्यात काढा, बंगळुरूला काढा की बीडला, ते भारतभर चालतं. आणि नियमही तेच. सांगलीत शिकलेला नियम गुजरातेत बदलत नाही. बदलते ती प्रश्नांची संख्या, वेळ आणि भाषा. महाराष्ट्रात पंधरा प्रश्न आणि त्यातले नऊ बरोबर लागतात; इतर राज्यांत संख्या कमीजास्त आहे. पण साठ टक्के बरोबर हवेत हा निकष केंद्रीय नियमांतलाच. प्रत्येक प्रश्नाला मोजके सेकंद मिळतात, तेव्हा तिथे बसून विचार करत राहायला वाव नसतो. उत्तर आधीच डोक्यात हवं.

अभ्यास कशाचा करायचा हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. अकराव्या नियमात चार गोष्टी आहेत: रस्त्यावरची चिन्हं, सिग्नल आणि वाहतुकीचे नियम, अपघात झाला तर चालकाचं कर्तव्य, बिनराखणीच्या रेल्वे फाटकावर घ्यायची काळजी, आणि गाडीत ठेवायची कागदपत्रं. बस, एवढंच. इंजिन कसं चालतं, गाडी किती सीसीची, हे कुणी विचारत नाही.

आता भाषेकडे येऊ, कारण आपल्या लोकांचे गुण सगळ्यात जास्त इथे जातात. परराज्यातला मराठी माणूस परीक्षेला हिंदी निवडतो. हिंदी येतेच की आपल्याला! येते, पण गडबड एका शब्दात आहे. हिंदीत ‘दायें’ म्हणजे उजवीकडे आणि ‘बायें’ म्हणजे डावीकडे. मराठी डोळ्याला ‘दायें’ दिसलं की घाईत ‘डावं’ वाटतं. आवाज जवळचा, अर्थ नेमका उलटा. आणि आपल्याकडे वाहतूक डावीकडून, ओव्हरटेक उजवीकडून. म्हणजे निम्मे प्रश्न याच दोन शब्दांवर उभे. त्यामुळे परीक्षेच्या आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: बायें म्हणजे डावं. ‘बा’ आणि ‘डा’ ही जोडी पक्की झाली की दुसरी आपोआप होते.

गुजरातीत परीक्षा देणार असाल तर डाबी म्हणजे डावी आणि जमणी म्हणजे उजवी. जमणी हा शब्द मी सोपा करून सांगते: जेवतो तो हात जमणा. कन्नडमध्ये एड म्हणजे डावं, बल म्हणजे उजवं. तेलुगूत एडम म्हणजे डावं आणि कुडि म्हणजे उजवं. परीक्षा तुम्ही इंग्रजीत दिलीत तरी हे शब्द पुढे रस्त्यावर लागणारच, कारण चौकातला पोलीस काही इंग्रजीत ओरडत नाही.

हिंदीतले आणखी काही शब्द जाता जाता सांगते. संकरा पुल म्हणजे अरुंद पूल. फिसलन भरी सड़क म्हणजे निसरडा रस्ता. ढलान म्हणजे उतार, चढ़ाई म्हणजे चढ. पैदल यात्री म्हणजे पायी चालणारा, आपला पादचारी. एवढ्यावर भागतं.

चिन्हांचं बघा. लोक शंभर चित्रं पाठ करायला बसतात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतात. चित्र नंतर बघा, आधी आकार बघा. गोल फलक हुकूम देतो. लाल कडेचा गोल असेल तर बहुतेक वेळा काहीतरी मनाई किंवा मर्यादा. निळा गोल असेल तर हे करावंच लागेल, उदाहरणार्थ डावीकडेच वळा. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो: पुढे वळण आहे, शाळा आहे, गतिरोधक आहे. निळा चौकोन माहिती देतो: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. म्हणजे चित्र ओळखलं नाही तरी तीनपैकी कोणत्या घरातलं आहे हे कळतं, आणि चारपैकी दोन पर्याय तिथेच गळतात.

या शिस्तीत न बसणारे दोन फलक मुद्दाम वेगळे केलेले आहेत. ‘थांबा’चा फलक अष्टकोनी असतो आणि ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’चा त्रिकोण उलटा, टोक खाली. कारण साधं आहे. फलकावर चिखल उडाला, त्याचा रंग उडाला, किंवा तुम्ही तो मागच्या बाजूने पाहिलात, तरी नुसत्या आकारावरून तो ओळखता यावा. या दोन ठिकाणी चूक झाली तर टक्कर समोरासमोर किंवा बाजूने होते, म्हणून हा लाड फक्त त्या दोघांचा.

फसवणाऱ्या जोड्याही असतात. एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर गाडी थांबवायलाही मनाई. पहिल्या ठिकाणी माणूस उतरवून लगेच निघता येतं, दुसऱ्या ठिकाणी तेही नाही. अरुंद रस्ता आणि अरुंद पूल ही दोन चित्रंही शेजारी शेजारी ठेवून पाहा. राखणदार असलेल्या रेल्वे फाटकाच्या चित्रात फाटक असतं, बिनराखणीच्या चित्रात इंजिन असतं.

आता मुख्य भाग, ज्याला मी ‘आधी कोण?’ म्हणते. कागदी भाषेत याला अग्रक्रम म्हणतात. वाहन चालवण्याबाबतचे सध्याचे विनियम 2017 चे आहेत. त्याआधी 1989 चे होते. बाजारात जुन्या पुस्तिका अजून मिळतात, त्या घेताना साल बघा. या सगळ्या विनियमांचा गाभा एकाच प्रश्नात आहे: दोघांना एकाच वेळी एकाच जागी जायचंय, तर आधी कोण?

आपल्याकडे रस्त्यावर याचं उत्तर बहुतेकदा ‘ज्याची गाडी मोठी तो’ किंवा ‘ज्याने आधी हॉर्न मारला तो’ असं असतं. परीक्षेत ते चालत नाही. सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरचा आधी. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उजवीकडूनच का? आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे चौकात शिरताना उजवीकडून येणारी गाडी आपल्या वाटेत आधी येते. डावीकडची यायला आपल्याला निम्मा चौक ओलांडावा लागतो. शिवाय चारचाकीचा चालक उजव्या बाजूला बसतो, त्याला ती बाजू स्वच्छ दिसते. कारण एकदा समजलं की हा नियम पाठ करावा लागत नाही.

गोल चौकात, म्हणजे मध्ये वर्तुळ असतं तिथे, आत फिरत असलेल्याला आधी. बाहेरच्याने थांबायचं. आत शिरणाऱ्यांना आधी सोडलं तर वर्तुळ भरून जाईल आणि कुणालाच बाहेर पडता येणार नाही. आपल्या शहरांत संध्याकाळी सहा वाजता नेमकं तेच होतं.

घाटात अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्याला आधी, उतरणाऱ्याने थांबायचं. हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो. लोकांना वाटतं, उतरणाऱ्याला ब्रेक मारणं अवघड, म्हणून त्याला जाऊ द्यावं. खरं तर भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलताना मागे घसरायची भीती असते. उतरणाऱ्याला नुसता ब्रेक सोडायचा असतो. आंबोली किंवा वरंध घाटातला जुना एसटी चालक हे कायद्याचं पान न उघडताही पाळतो.

अरुंद पुलावर समोरून गाडी शिरत असेल तर आपण अलीकडे थांबायचं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर त्याला आधी. पांढरी काठी घेतलेली दृष्टिहीन व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर ती काठी म्हणजेच थांबण्याचं चिन्ह, असं समजायचं; हा प्रश्न अनेक प्रश्नसंचांत याच शब्दांत आहे. अग्निशमनची गाडी आणि अॅम्ब्युलन्स यांना वाट मोकळी करून द्यायची. याचा अर्थ असा नव्हे की अॅम्ब्युलन्स गेली की तिच्या मागे आपली स्कूटर घुसवायची.

पिवळ्या दिव्याबद्दल वाद घालणारे फार भेटतात. पिवळा म्हणजे ‘पटकन निघा’ असं आपण लहानपणापासून रिक्षात बसून शिकलो. नियम म्हणतो, थांबण्याच्या रेघेअलीकडे सुरक्षित थांबता येत असेल तर थांबा. इतके जवळ आलात की थांबणंच धोक्याचं आहे, तरच पुढे जा. लाल दिवा उघडझाप करत असेल तर पूर्ण थांबून, बघून मग निघायचं. पिवळा उघडझाप करत असेल तर वेग कमी करून जपून जायचं. आणि सिग्नल लाल असताना डावं वळण आपोआप मोकळं नसतं. तसा फलक किंवा हिरवा बाण तिथे हवा. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

ओव्हरटेक उजवीकडून. अपवाद एक: पुढच्याने उजवीकडे वळण्याची खूण केली असेल तर डावीकडून जाता येतं. वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर, पुढचं दिसत नसेल तिथे ओव्हरटेक नाही. आपल्याला कुणी ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी मुलग्यांच्या बॅचला दोनदा सांगते.

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं? हिशेब करून बघा. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. पुढच्याचा ब्रेकचा लाल दिवा दिसला, तुमच्या मेंदूने तो ओळखला, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जरी गेला तरी गाडी 17 मीटर पुढे सरकलेली असते, आणि ब्रेक तर आत्ता लागलाय. म्हणून मीटर मोजू नका, वेळ मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात म्हणा एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात आणखी दोन आकडे वाढवा.

हातांच्या खुणा आता कुणी करत नाही, इंडिकेटर आहेत; पण प्रश्न येतात, आणि इंडिकेटर बंद पडला की उपयोगी पडतात. सगळ्या खुणा उजव्या हाताने. उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. वेग कमी करताना तळवा खाली करून हात वरखाली.

रेल्वे फाटकाचा प्रश्न थोडा गमतीचा आहे. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनराखणीची फाटकं रेल्वेने 2019 च्या जानेवारीअखेर संपवली. तरी कायद्याचं 131 वं कलम आहे तसंच आहे आणि प्रश्नही येतो. उत्तर असं: गाडी थांबवायची, सोबत कंडक्टर किंवा दुसरं कुणी असेल तर त्याने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजूंना गाडी नाही हे बघायचं, आणि कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचं. ‘हॉर्न वाजवत लवकर निघून जा’ हा पर्याय नेहमी शेजारी ठेवलेला असतो.

अपघाताच्या प्रश्नावर मात्र मला थांबायचंय. 2022 मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. अपघातानंतर चालकाने काय करायचं हे 134 व्या कलमात आहे: जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना माहिती द्यायची, तिथे पोलीस नसेल तर चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. डॉक्टरने कागदपत्रांची वाट न बघता उपचार सुरू करायचे, हेही त्याच कलमात आहे. जमाव खवळलेला असेल आणि जखमीला नेणं शक्यच नसेल, तर त्याची सूटही कायद्याने मोजून ठेवली आहे. पण ती सूट दवाखान्यात नेण्यापुरती. पोलिसांना कळवणं त्यातून सुटत नाही.

आणि अपघात तुमच्याकडून झाला नाही, तुम्ही नुसते तिथून जात होतात तर? ‘कशाला लफड्यात पडायचं, पोलीस बसवून ठेवतील’ हे वाक्य आपण घराघरांत ऐकलंय. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने 134 अ हे कलम कायद्यातच आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीसाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. परीक्षेत आलं तर एक गुण. घरातल्या मोठ्यांना मात्र हे आज रात्री जेवताना सांगा.

कागदपत्रांचं लवकर उरकते. लायसन, आरसी, विमा, पीयूसी. नव्या गाडीला पहिलं एक वर्ष पीयूसी लागत नाही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. गॅलरीतला फोटो चालत नाही. दारूची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. आणखी एक छोटा, हमखास येणारा: गाडी उतारावर तोंड खाली करून उभी करताना हँडब्रेकशिवाय कोणता गिअर टाकायचा? रिव्हर्स. तोंड चढाकडे असेल तर पहिला. म्हणजे हँडब्रेक सुटला तरी इंजिन गाडीला उलट्या दिशेने अडवून धरतं.

काही क्लासवाले एक युक्ती शिकवतात: जो पर्याय सगळ्यात सभ्य दिसतो तो निवडा. थांबा, वाट बघा, वेग कमी करा, ही उत्तरं बहुतेक बरोबर निघतात. युक्ती खोटी नाही, पण ती चिन्हांवर आणि डाव्या-उजव्यावर चालत नाही, आणि तिच्या भरवशावर पास झालेला माणूस घाटात कुणाला थांबवायचं हे ठरवू शकत नाही.

महाराष्ट्रात 2021 पासून आधार जोडून ही परीक्षा घरबसल्या देता येते, इतर अनेक राज्यांतही सोय आहे. सोय उत्तम. पण तिच्यामुळे एक नवी पद्धत सुरू झाली आहे. मुलगा कॅमेऱ्यासमोर बसतो आणि वडील बाजूला उभे राहून उत्तरं सांगतात. किंवा नेट कॅफेवाला दोनशे रुपये जास्त घेऊन ‘पास करून देतो’ म्हणतो. मला या बाबतीत अजिबात दयामाया नाही. देशातले बहुतेक चालक वाहतुकीचे नियम आयुष्यात एकदाच वाचतात, या परीक्षेपुरते. ते एकदाचं वाचनही तुम्ही मुलाकडून काढून घेताय. नापास झाला तर केंद्रीय नियमांनुसार पुन्हा परीक्षेचं शुल्क 50 रुपये आहे. तेवढे भरा.

मुलगा अठरापेक्षा लहान असेल तर आणखी एक माहिती: सोळाव्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचं लायसन मिळतं, तेही पालकांच्या संमतीने. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर 199 अ कलमाखाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही.

पास झालात की कच्चं लायसन हातात येतं, सहा महिन्यांचं. त्यावर एकट्याने गाडी चालवता येत नाही. सोबत पक्कं लायसन असलेली, शिकवणारी व्यक्ती हवी, आणि चारचाकीत ती अशा जागी बसलेली हवी की गाडी आवरता येईल. पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. त्याचंही माप ठरलेलं आहे: पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच. मागच्या काचेवर चिकटवलेलं नखाएवढं ‘एल’ त्यात बसत नाही. दुचाकीवर मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, मैत्रीण नाही आणि मुलगी तर नाहीच. बडोद्याच्या ताई, शाळेत सोडण्याचं काम पक्क्या लायसननंतर.

पक्क्या लायसनची चाचणी कच्चं मिळाल्यापासून तीस दिवस झाल्यावर देता येते. सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, तेव्हा वेळ मिळत नाही आणि मुदत संपली तर पुन्हा या पंधरा प्रश्नांपासून सुरुवात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली तारीख घेऊन ठेवा. त्या चाचणीत आठचा आकडा कसा काढायचा आणि पाय खाली का टेकवायचा नाही, ते पुढच्या भागात मैदानावर जाऊनच दाखवते.